स्ट्रेट पूलमध्ये साइड कधी लावायची? (स्नूकरवरून आलेल्याचा प्रश्न)

जर्सीतला_पुणेकर

नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात क्रिकेट सोडून काही विचारलं तर चालतं ना?

पुण्यात कॉलेजला असताना मी बऱ्यापैकी स्नूकर खेळायचो. आता जर्सी सिटीत आहे. ऑफिसातल्या एकाने इथल्या एका पूल हॉलमध्ये नेलं. तिथे आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त स्ट्रेट पूलची असते, म्हणजे १४.१ कंटिन्युअस. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. शांतपणे येतात, जॅकेट खुंटीला लावतात आणि मला धुऊन काढतात.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: १५ बॉल, कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटमध्ये, फक्त मारण्याआधी बॉल आणि पॉकेट सांगायचं. प्रत्येक बॉलला एक गुण. १४ गेले की थांबायचं. पंधरावा आहे तिथेच राहतो, पांढराही (क्यूने मारायचा बॉल) आहे तिथेच, आणि ते १४ परत रॅकमध्ये, म्हणजे त्रिकोणात, लागतात, टोकाची जागा रिकामी ठेवून. मग तो राहिलेला बॉल पॉट करता करता पांढऱ्याने रॅक फोडायचा आणि पुढे चालू. १०० किंवा १५० आधी करेल तो जिंकला.

माझं पॉटिंग वाईट नाही. पण दहा-बारा बॉलनंतर पांढरा हाताबाहेर जातो. स्नूकरच्या सवयीने मी जवळजवळ प्रत्येक शॉटला थोडी तरी साइड, म्हणजे डावी-उजवी फिरकी, लावतो. शिवाय नऊ फुटी टेबलावर सोपे वाटणारे जवळचे बॉल जॉजमध्ये (पॉकेटच्या तोंडाशी) खडखडून बाहेर राहतात, ते का कळत नाही. आणि रॅक फोडताना पांढरा आत घुसतो तो तिथेच चिकटून बसतो.

तर साइड किती वापरावी? आणि लो डिफ्लेक्शन शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) घ्यावा का? कार्बनचा पाचशे डॉलरच्या आसपास सांगतात.

---

क्यूवाला_ठाणे

घेऊन टाक शाफ्ट. साइड लावली की पांढरा निघतानाच विरुद्ध बाजूला थोडा सरकतो, लो डिफ्लेक्शनमध्ये तो सरकणं कमी होतं. तुझे बॉल जॉजला लागतात ते त्यामुळेच. आणि साइडशिवाय पोझिशन कशी मिळणार? जेसन शॉने २०२२ मध्ये ७१४चा रन केला, म्हणजे न चुकता लागोपाठ ७१४ बॉल, तो काय सरळ सरळ मारून?

---

मार्करकाका

पुणेकर, पाचशे डॉलर खिशात ठेव. ठाणेकर म्हणतात ते शाफ्टबद्दल खरं आहे, पण तुझं दुखणं ते नाही.

मी मुंबईत एका जिमखान्यात मार्कर होतो, निवृत्त होईपर्यंत. सकाळी टेबल ब्रश करायचं, इस्त्री मारायची, दिवसभर मेंबरांचे गुण मांडायचे आणि कुणी जोडीदाराविना आलं की त्यांच्याशी खेळायचं. बिलियर्ड्स आधी, स्नूकर नंतर. आता वर्षातला बराच काळ मुलाकडे एडिसनला असतो. दुपारी घरात कुणी नसतं, म्हणून मीही इथल्या म्हाताऱ्यांत जाऊन बसतो. तुझ्या हॉलमधल्यांसारखेच हे. पहिल्या दिवशी त्यांचा खेळ बघितला आणि वाटलं, अरे, हे तर आपलं बिलियर्ड्स!

तू स्नूकरवरून आलास म्हणून गोंधळ आहे. स्नूकरमध्ये टेबल बारा फुटी. एक लाल घेतला की एक रंगीत घ्यायचा, म्हणजे पांढऱ्याला सारखं कुठून तरी काळ्याकडे नाहीतर निळ्याकडे आणावं लागतं. तिथे साइड लागतेच. इथे कुठलाही बॉल चालतो. समोर बारा बॉल असतील तर त्यातला एखादा हातभर अंतरावर आहेच. मग पांढऱ्याला टेबलभर हिंडवतोस कशाला? बिलियर्ड्समध्ये टॉप ऑफ द टेबल खेळतात ते कुणाचं तरी बघ. लाल पॉट, मग कॅनन (पांढरा एका बॉलला लागून दुसऱ्यालाही लागणं), परत लाल, आणि पांढरा त्या स्पॉटच्या आसपास वीतभर हलतो. तुझ्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी विजेते झाले ते या बिलियर्ड्समध्ये. इथे न्यूयॉर्क, जर्सी, फिलाडेल्फियात जुनी माणसं स्ट्रेट पूल खेळतात ते याच रीतीने. स्टीव्ह मिझराक तर जर्सीचाच, शाळामास्तर. १९७० पासून लागोपाठ चार वेळा यूएस ओपन जिंकला.

म्हणून आधी उंची शीक. टिप, म्हणजे क्यूचं टोक, पांढऱ्याच्या मधल्या उभ्या रेषेवरच ठेवायची, फक्त वर-खाली. महिनाभर डावी-उजवी बंद.

पांढरा फिरकीविना, नुसता घसरत बॉलला लागला तर तो स्टन. मग बॉल ज्या दिशेने जातो तिच्याशी काटकोन करून पांढरा निघतो. कॅरम खेळला असशील. तिथे स्ट्रायकर पावडरवर घसरतच जातो, पण तो सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड असल्यामुळे काटकोन मिळत नाही, तो पुढेच रेटतो. इथे दोन्ही बॉल सारख्या वजनाचे, त्यामुळे काटकोन पक्का. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेव. आणि पांढरा नुसता गडगडत गेला, म्हणजे ना स्क्रू (मागची फिरकी) ना जादा फॉलो (पुढची फिरकी), तर समोरच्या बॉलचा पाव ते पाऊण भाग झाकत कुठेही लागला तरी आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंश वळतो. हाफ बॉलला, म्हणजे अर्धा झाकला तर, थोडा जास्त. बिलियर्ड्समध्ये हाफ बॉल इन-ऑफ (बॉलला लागून आपलाच बॉल पॉकेटात) सगळ्यात आधी शिकवतात ते याच्याच जोरावर. पट्टीचा खेळाडूही हे दोनच कोन मनात धरून चालतो, बाकीचे सगळे यांच्या मध्ये किंवा जरा पलीकडे.

आता गंमत अशी की स्टन मारायला टिप कुठे लावायची हे अंतरावर ठरतं. कापड बॉलची मागची फिरकी सतत खात असतं. बॉल फुटावर असेल तर मध्याच्या किंचित खाली पुरे. तोच पाच-सहा फुटांवर असेल तर बरंच खाली लावावं लागतं, म्हणजे वाटेत फिरकी संपता संपता तो नेमका बॉलजवळ पोचतो. हळू मारलास तर आणखी खाली. लोक म्हणतात माझा स्टन आज लागतोय, आज लागत नाही. अरे, अंतर बदललं तरी तू त्याच जागी टिप लावतोयस, लागेल कसा! उलट बाजूचंही सांगतो. पहिल्या क्षणापासून गडगडायला हवा असेल तर मध्याच्या वर त्रिज्येच्या दोन पंचमांश. पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर. तेव्हा वर ११ मिलिमीटर, एका टिपेच्या रुंदीहून कमीच. त्याच्या फार वर गेलास की मिसक्यू.

जॉजमधल्या खडखडण्याचं आता. स्ट्रेट पूलचे शॉट जवळचे आणि हळू. ठाणेकर म्हणतात तो पांढऱ्याचा सरकाव लांबच्या शॉटला दिसतो. दीड फुटावर तो किती सरकणार? तुझे बॉल चुकतात ते थ्रोमुळे. कट मारताना पांढरा बॉलला घासून जातो, तेव्हा बॉल पांढऱ्याच्या जाण्याच्या दिशेने थोडा ओढला जातो. म्हणजे कट जितका हवा तितका मिळत नाही, बॉल जाड जातो. हा थ्रो हळू मारलेल्या स्टनला सगळ्यात जास्त आणि जोरात मारल्यावर कमी. त्यात तू आतल्या बाजूची साइड लावलीस, म्हणजे कट उजवीकडे आणि साइडही उजवी, तर तो आणखी वाढूही शकतो. बाहेरची साइड बेताने लावली तर घासणं जवळजवळ थांबतं. जुनी माणसं तेवढ्यासाठी केसभर बाहेरची लावतात. पण ते मुद्दाम असतं, सवयीने नाही.

बॉल मळके असले तर थ्रो आणखी. खेळायला बसण्याआधी ओल्या फडक्याने बॉल पुसून घे, कुणी हसलं तर हसू दे. आमच्याकडे श्रावणात कापड सर्द झालं की मेंबर मार्करला बोल लावायचे. इथल्या पूलच्या कापडाला लव नसते, पांढरा खूप पळतो. म्हणूनच तुझा हाताबाहेर जातो. स्नूकरच्या लवेच्या कापडाला लागणारा जोर अजून तुझ्या हातात बसलाय.

साइड पांढऱ्याची वाट बदलते ती खऱ्या अर्थाने कुशनला लागल्यावर. वाटेत कुशन नसेल तर लावून करायचंय काय?

---

जर्सीतला_पुणेकर

काका, साष्टांग! आजच लंचमध्ये जाऊन मधल्या रेषेवर खेळून बघितलं. जवळचे बॉल पडायला लागले, हे लगेच जाणवलं. पांढरा अजून लांब पळतोच.

रॅक फोडायचं राहिलं. ब्रेक बॉल, म्हणजे तो राहिलेला पंधरावा, रॅकच्या उजव्या अंगाला, खालच्या उजव्या पॉकेटात. जोरात फॉलो लावून मारतो. पांढरा रॅकवर आदळतो, दोन-तीन बॉल हलतात आणि तो त्यांच्यातच उभा. फॉलोच लावायचा ना?

---

इसारकाठची

मी म्युनिकला असते. इथे क्लबच्या लीगमध्ये १४.१ हा एक नेहमीचा प्रकार आहे, एट बॉल, नाइन बॉल, टेन बॉलच्या बरोबरीने. संघातल्या कुणाला तरी तो खेळावाच लागतो आणि नवीन माणसाच्या गळ्यात पडतो. माझ्या पडला. थॉर्स्टन होहमान आणि ऑलिव्हर ऑर्टमान, दोघंही १४.१चे जागतिक विजेते, दोघंही जर्मनीतलेच. त्यामुळे शिकवणारे भरपूर.

ब्रेकबद्दल आमच्या ट्रेनरचं म्हणणं वेगळं आहे. तो मला बहुतेक वेळा ड्रॉच, म्हणजे मागची फिरकीच, लावायला सांगतो. पांढरा रॅकला धडकला की फॉलोमुळे पुन्हा त्याच बॉलांवर चढतो, ड्रॉमुळे मोकळ्या जागेत मागे येतो. फूटभर मागे आला तरी समोर काहीतरी दिसतंच.

आणखी एक, काकांनी थ्रो सांगितला म्हणून. रॅकमधून न फुटलेला गठ्ठा राहतो ना, त्यात एकमेकांना चिकटलेले दोन बॉल पॉकेटच्या जरा बाजूला रोखलेले असतात. असे बॉल थ्रोने पॉकेटमध्ये आणता येतात. पुढच्या बॉलला डावीकडे न्यायचं असेल तर पहिल्याला डावीकडून नाही, उजवीकडून मारायचं. जोर कमी. मी आधी असे बॉल बघायचेही नाही, सरळ गठ्ठा फोडायला जायचे. आता प्रत्येक गठ्ठ्याभोवती एक फेरी मारते. समोरचा वैतागतो, पण एक-दोन बॉल फुकट मिळतात.

काका, तुम्ही रॅक फोडताना काय लावता?

---

मार्करकाका

ताई, गठ्ठ्याभोवतीची फेरी एकदम बरोबर. आमच्याकडे कॅनन खेळणारा माणूसही टेबलाला वळसा घातल्याशिवाय वाकत नसे.

तुमच्या ट्रेनरशी माझं अर्धंच पटतं. नेहमी ड्रॉ हेही खरं नाही आणि नेहमी फॉलो तर त्याहून नाही. पुणेकर, ब्रेक बॉल मारण्याआधी काटकोन काढ आणि पांढरा रॅकमधल्या कुठल्या बॉलला लागणार ते बघ. नुसता कुठला बॉल नाही, त्या बॉलच्या कुठल्या अंगाला. वरच्या अंगाला, म्हणजे हेड कुशनकडच्या (रॅकपासून लांबच्या टोकाकडच्या) बाजूला लागणार असेल तर धडकेनंतर पांढरा वर यायलाच बघतो. त्याला खालच्या फिरकीने मदत कर, मोकळ्या मैदानात येईल. खालच्या अंगाला लागणार असेल तर तो खालच्या कुशनकडे घसरणार. तेव्हा फॉलो, म्हणजे रॅकला घासून कुशनवर जाईल आणि तिथून बाहेर पडेल. तिथे थोडी पळती साइड (कुशनवरून पांढऱ्याला पुढे पळवणारी) चालते, कारण कुशन येतंय. आणि बरोबर मधोमध, नाकावर बसणार असेल तर काहीही लाव, चिकटण्याची भीती राहतेच. तू तेच करतोयस, पोटात भोसकतोयस. मग जोर वाढवून उपयोग नाही. एक इंच अलीकडून किंवा पलीकडून आला असतास तर काम झालं असतं.

आणि तो इंच मिळतो आधीच्या बॉलवर. खरा खेळ तो आहे. चौदावा बॉल, ज्याला की बॉल म्हणतात, तो असा निवडायचा की पांढरा जागेवर थांबवून ब्रेक बॉलवर हवा तो कोन मिळावा. जागेवर थांबवणं हा जगातला सगळ्यात भरवशाचा शॉट. त्यासाठी पाच-सहा बॉल उरलेले असतानाच ठरवून ठेव, हा ब्रेक बॉल, हा की बॉल, यांना हात लावायचा नाही. कुशनला चिकटलेले आधी साफ कर. गठ्ठा असेल तर शेवटपर्यंत ठेवू नकोस, टेबलावर इतर बॉल असतानाच फोड, म्हणजे फसलं तरी मारायला काही उरतं. तुझ्या हॉलमधले म्हातारे वाटेत मध्येच उभे राहून विचार करतात ते याचाच. त्यांना विचार, सांगतील. विचारलेलं त्यांना आवडतं.

ब्रेक बॉल रॅकच्या मागे, खालच्या कुशनजवळ राहिला तर वेगळं. तिथे पांढरा आधी कुशनला लागून मग रॅकच्या पाठीवर येतो, तेव्हा पळती साइड लागतेच. डाव सुरू करतानाच्या पहिल्या ब्रेकलाही लागते. तिथे रॅकच्या कोपऱ्यातल्या बॉलला अगदी बारीक घासून, साइडच्या जोरावर पांढरा खालचं कुशन, बाजूचं कुशन करत वर हेड कुशनला आणून ठेवायचा. किमान दोन बॉल आणि पांढरा कुशनला लागले पाहिजेत, नाहीतर दोन गुण वजा.

ठाणेकर, तुमचा ७१४चा मुद्दा. शॉच्या आधी २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले. त्याआधी विली मॉस्कोनीचे ५२६, तारीख १९ मार्च १९५४, ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला, आठ फुटी टेबलावर. ६५ वर्षं टिकले ते. त्या काळी कार्बन कुठला आला, मेपलचाच शाफ्ट. मॉस्कोनीचा खेळ जुन्या चित्रफितींत मिळतो. बॉल पडतोय तिकडे बघू नका, नुसता पांढरा बघा. पुढच्या बॉलजवळ येऊन उभा राहतो आणि बस. साइड त्यालाही येत होती हो, त्याच्याइतकी कुणाला येत असेल! पण लागेल तिथेच. १९६६च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात आयर्व्हिंग क्रेनने एका बैठकीत १५० करून ज्यो बाल्सिसला खुर्चीतच ठेवलं. तोही असाच, एकेक बॉल हळूहळू वेचणारा.

---

क्यूवाला_ठाणे

काका, मान्य. पण नाइन बॉल खेळायचं असेल तर शाफ्ट घ्यावाच, एवढं तरी म्हणा.

---

मार्करकाका

नाइन बॉलला घ्या की. तिथे पुढचा बॉल ठरलेला, पांढऱ्याला टेबलभर पळावंच लागतं. लांबून साइड लावायची म्हटल्यावर सरकाव कमी असलेला बरा. मी नको कधी म्हटलं?

---

जर्सीतला_पुणेकर

शेवटचं विचारतो. सगळं ठरवूनही ब्रेक बॉलवर कोनच मिळाला नाही, सरळ रेषेत आला, तर? काल तसंच झालं. मी नुसता पॉट केला आणि पांढरा रॅकसमोर उभा, मारायला काहीच नाही.

---

मार्करकाका

सरळ आणि जवळ असेल तर पॉट कर आणि पांढरा कुठे ठेवायचा ते सेफ्टीच्या, म्हणजे समोरच्याला मारायला काही न ठेवण्याच्या, हिशेबाने ठरव, कारण पुढचा शॉट सेफ्टीचाच आहे. रॅकच्या कडेच्या बॉलला हलकं घासायचं, पांढरा हेड कुशनला. स्पर्शानंतर कुठला तरी बॉल कुशनला लागला पाहिजे, पांढरा लागला तरी चालतं. नाहीतर फाउल, एक गुण वजा.

पण तो एक गुण कधी कधी मुद्दाम द्यायचा असतो. पांढरा हळूच रॅकला टेकवून ठेवायचा, कुशन नाही, फाउल घ्यायचा. आता समोरच्यालाही काही नाही. तोही तसंच करतो. इथली मंडळी यात मुरलेली आहेत, चहा पीत पीत एकेक गुण देत बसतात. मात्र मोजत राहा. लागोपाठ तिसरा फाउल झाला की त्या एका गुणाशिवाय आणखी १५ जातात, पंधराही बॉल परत रॅक होतात आणि पहिला ब्रेक तुलाच करावा लागतो. तेव्हा तुझे दोन झाले असतील आणि त्याचा एकच, तर तिथून नीट सेफ्टी खेळून बाहेर पड. तो तुझ्या तिसऱ्याचीच वाट बघतोय.